ध्वजासाठी खांदा सैल करताना: परळ ते गिरगाव

गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत ध्वज नाचवायचा की नुसते मागून चालायचे, हे रविवारच्या सरावात ठरणार होते. माझा उजवा खांदा मानेपर्यंत आखडलेला. पथकप्रमुख मेधाताईंनी बजावले होते, "हात वर गेला नाही, तर ध्वज दुसरीला." म्हणून मी दोन दिवसांचा, बसच्या टप्प्यातला प्रवास आखला.

शनिवारी सकाळी परळ. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितले, की इजा नाही, स्नायू थकला आहे. घरी स्वतः करायचे उपाय तीन आणि त्यांना क्रम आहे: शेकाने स्नायू सैल होतो, सैल स्नायू चेंडूचा दाब सोसतो आणि दाबानंतर हलका ताण देणे सोपे जाते. हाताला मुंग्या आल्या, तर मात्र थांबून पुन्हा दाखवायचे.

तिथून हिंदमाता चालत गाठता येते. तव्यावर गरम केलेल्या खडेमिठाची पुरचुंडी बांधायला मी साड्यांच्या दुकानात अर्धा मीटर सुती कापड मागितले.

"ताई, एवढ्यात ब्लाऊजसुद्धा होणार नाही!"

"खांद्यालाच नेसवायचंय," मी म्हटले. दुकानदार हसत हसत कात्री चालवू लागला.

चूक झाली ती चेंडूत. शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्यांना चेंडू म्हटले की एकच आठवतो, क्रिकेटचा. शनिवारी संध्याकाळी भिंत आणि खांदा यांच्यामध्ये तो ठेवून मी जोर लावला आणि रविवारी पहाटे खांदा ठणकतच उठले. मैदानाच्या कट्ट्यावर शेजारचे पीटर अंकल भेटले, त्यांना चेंडू दाखवला.

"अगं, हा तर सीझन बॉल!"

"जितका कडक, तितका गुण लवकर, असं वाटलं."

"आणि तू म्हणे शाळेत विज्ञान शिकवतेस!"

त्यांनीच टेनिस बॉल आणून दिला. सकाळभर खांद्याला विश्रांती आणि शेक दिला. दुपारी चेंडू मोज्यात घालून पाठीवर सोडला, भिंतीला अलगद टेकले आणि संथ श्वास घेत अर्धा मिनिट थांबले. मग डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवला. ठणका ओसरला होता.

गिरगावात थालीपीठ खाऊन, पियूष पिऊन सरावाला पोहोचले. हात वर गेला! पण ध्वज फिरवताच मेधाताई ओरडल्या, "खांदा कानाला का लावतेस? फोनवर बोलतेयस?"

सगळ्या हसल्या, मी थबकले. रोज वह्या तपासताना पालकांचे फोन मी खांदा आणि कान यांच्यात धरूनच घेते. दुखण्याचे मूळ तिथे होते. खांदा खाली सोडला आणि ध्वज सहज वळसा घेऊन आला.

"तीन फेऱ्या तुझ्या, मग दुसरीला दे," मेधाताई म्हणाल्या.

पाडव्याला मी तीनच फेऱ्या मारल्या, चौथीचा मोह टाळून. आता घरी मोज्यातला चेंडू दारामागे लटकतो आणि सीझन बॉल वह्यांच्या गठ्ठ्यावर बसला आहे. फोन वाजला की आधी त्या कडक चेंडूकडे लक्ष जाते. मग मी पेन खाली ठेवते आणि फोन हातात घेते.