लेवलचाचा आणि कललेली गाडी

एखादी गोष्ट सरळ आहे असं नुसतं बघून सांगणं लेवलचाचांना आयुष्यात कधी जमलं नाही. डोळ्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून त्यांच्या गॅरेजच्या खुंटीला टांगलेली असायची. गाडी असो, दार असो की मशिदीतलं नवं कपाट, चाचा ती नळी लावणार, दोन्ही टोकांचं पाणी थांबेपर्यंत थांबणार आणि मगच तोंड उघडणार. चहा पितानाही कप टेबलावर ठेवून आधी त्यातल्या चहाची कड बघायचे. "टेबल झुकेल आहे," म्हणत खिशातला कागद घडी घालून पायाखाली सरकवायचे. दिग्रसच्या बस स्टँडजवळच्या हॉटेलातलं प्रत्येक टेबल त्यांनी असं केव्हा ना केव्हा सरळ केलेलं होतं.

खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळे लेवलचाचाच म्हणत. सडपातळ अंगकाठी, पांढरी दाढी, निळा शर्ट आणि कानावर खडू. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. पाणी आपली पातळी शोधतं हे वाक्य फळ्यावर मी किती वेळा लिहिलं असेल! पण त्या वाक्यावर भरवसा ठेवून जगणारा माणूस मला फळ्यापासून पाचशे पावलांवर भेटला.

भेट घडली ती माझ्या गाडीमुळे. गाडी बाबांची जुनी, छोटी. बाबा कापूस आणि सोयाबीनवाले शेतकरी. त्यांनी नवी घेतली तेव्हा ही माझ्याकडे आली. पुसदच्या बाहेर माळावर दरवर्षी कच्च्या रस्त्याची शर्यत भरते. एकेक गाडी सोडतात, दोन फेऱ्या मारायच्या आणि दोन्ही फेऱ्यांचा वेळ ज्याचा सर्वांत कमी, तो जिंकला. पहिल्या वर्षी वळणावर माझी गाडी इतकी झोपायची की मी शेवटून पहिली आले. शाळेत हसले, घरी हसले. बाबा हसले नाहीत, पण म्हणाले, "अजून एक खेप खेळ. मंग बस. ही गाडी आपण देऊन टाकू."

म्हणून मी नागपूरच्या एका दुकानात जाऊन उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन बसवून घेतलं. त्यात शॉकअपच्या नळीवर आटे असतात आणि आट्यांवर एक कडं. कडं फिरवलं की स्प्रिंग वर-खाली सरकते आणि गाडीचा तो कोपरा चढतो किंवा उतरतो. गाडी घेऊन मी मोठ्या ऐटीत दिग्रसला आले. सकाळी अंगणात उभी केली तर पुढची डावी बाजू चांगली दीड इंच खाली. बाबा दात घासत बाहेर आले आणि म्हणाले, "हे लंगडून काहून राह्यली?"

दुकानाला फोन केला. "त्या बाजूला बॅटरी असते मॅडम. कडं वर घ्या." घेतलं. डावी पुढची चढली, तर मागची उजवी बसली. ती चढवली, तर तिसरीच बिघडली. दोन दिवसांत चारही कडी चार उंचींवर आली आणि गाडी एका पायानं आखूड खाटेसारखी डुगडुगू लागली. शर्यत आठ दिवसांवर आली होती. सुरू होण्याआधी तपासनीस प्रत्येक गाडी बघतात. अशी गाडी त्यांनी रस्त्यावर सोडलीच नसती.

मी चाचांकडे गेले तेव्हा माझा फोन स्पीकरवर होता. नागपूरचा दुकानदार सांगत होता, "काहीही करा, पण गावच्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा हात पुसत शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलून राह्यला तो. ज्यानं पाह्यलं नाही त्यानं हात लावू नये. म्हणून आपण पयले पाहू."

पण ते गाडीकडे बघेचनात. "गाडी मंग. पयले जमीन." माझ्या अंगणात येऊन त्यांनी नळी लावली. अंगण नालीकडे उतरतं होतं. "तू उतारावर उभं राहून कंबर मोजून राह्यली बेटी." गॅरेजची फरशीही त्यांनी स्वतःच नापास केली. दिग्रसमध्ये खरी सपाट जागा कुठली, यावर त्यांनी एक पूर्ण कप चहा विचार केला आणि उठले. "काटा!"

जिनिंग कारखान्याजवळचा, कापसाच्या गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा. रविवारी तो रिकामा असतो. मालक चाचांचं जुनं गिऱ्हाईक; त्यानं किल्लीच दिली. चाचांनी माझ्या डिकीतून तुरीचं अर्धं पोतं, छत्री आणि वह्यांचा गठ्ठा बाहेर काढायला लावला. चारही चाकांत सारखी हवा भरली. मग नुसती डावी चाकं काट्यावर, मग नुसती उजवी. दोन्हीकडचं वजन जवळजवळ सारखं निघालं. "बॅटरी बेगुनाह," चाचा म्हणाले. मी पोट धरून हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

मग पूर्ण गाडी काट्यावर घेऊन त्यांनी प्रत्येक कड्याखालचे आटे बोटांनी मोजले आणि चारही कडी जोडीजोडीनं सारखी केली. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप धरला. टायरचा फरक मापात येऊ नये, म्हणून जमिनीपासून नाही. प्रत्येक माप तीनदा घेऊन त्यांनी खडूनं पत्र्यावर लिहिलं. पुढून डावी अजूनही खालीच होती. मी विचारलं, "म्हणजे दुकानवाल्यांनी स्प्रिंगच चुकीची दिली ना?" चाचांनी मान हलवली. "आधीच्या मिस्त्रीले शिव्या देल्ल्या की बोल्ट सुटत नाही. माह्या चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

आणि ते बसले. काट्यावर, मांडी घालून, गाडीच्या तोंडासमोर. मग एकदम म्हणाले, "बेटी, आपण सारे खालच्या कोपऱ्याले पाहून राह्यलो. डावी बसलीच नसंन तर? उजवी उठेल असंन तर?"

गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली, चाकांवर उभी, जॅक नाही. चाचा खड्ड्यात उतरले. पुढच्या उजव्या चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या मुळाशी रबराची जाड नळी, म्हणजे बुश, असते आणि त्यातून जाडजूड बोल्ट. त्यांनी तो बोल्ट अर्धा फेरा ढिला केला. "कट्" असा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडीची उजवी बाजू खाली आली, दमलेल्या माणसानं खांदा सोडावा तशी.

खालून चाचांचा आवाज आला, "सुभानल्ला!"

बाहेर आल्यावर त्यांनी समजावलं. गाडी हवेत उचललेली असताना, चाकं लोंबकळत असताना कुणीतरी तो बोल्ट आवळला होता. रबर त्याच स्थितीत पकडलं गेलं. गाडी जमिनीवर आली तरी ते पीळ खाऊन तिला वर रेटत राहिलं. डाव्या बाजूचा बोल्ट नशिबानं नंतर, चाकांवर उभी असताना आवळला गेला असावा. "झाडाले लटकेल माणसाचं माप घेऊन पायजमा शिवला, त तो जमिनीवर कसा बसंन? उभ्या माणसाचं माप उभ्यानंच घ्या लागते." त्यांनी सगळेच बोल्ट ढिले केले, गाडी दोन-चारदा दाबून हलवली आणि वजन चाकांवर असतानाच पुन्हा आवळले. "आता पुसदले जाऊन ये. नवी चप्पलही दोन दिवस चालल्याबगर पायात बसत नाही." मी जाऊन आले. काट्यावर पुन्हा मापं घेतली. पुढची दोन्ही मापं एकसारखी. चाचांनी ती खडूनं लिहिली आणि खाली एक रेघ मारली. मी तिथेच, काट्यावर, नाचले.

शर्यतीला चाचा आले, बाबाही आले. तपासनिसानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान डोलावली. पहिल्या फेरीत गाडी वळणावर अशी चिकटून गेली की मला माझेच हात परके वाटले. फलकावर माझं नाव सर्वांत वर! दुसऱ्या जागी नागपूरचा एक तरुण होता. मी धावत चाचांना सांगायला गेले, तर चाचा जागेवर नाहीत. शोधलं तेव्हा त्या नागपूरच्या पोराच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले.

"चाचा! काय करून राह्यले तुम्ही?"

"बोल्ट ढिले करून राह्यलो. याचीबी तशीच झुकेल आहे."

"अहो, तो माझ्या मागं आहे!"

"हो ना," खालून उत्तर आलं, "त सरळ गाडीनं मागं राहू दे."

मला भयंकर राग आला. तो पोरगा ओशाळून उभा होता. दुसऱ्या फेरीत त्याची गाडी बाणासारखी गेली. त्यानं इतका कमी वेळ नोंदवला की माळावर शिट्ट्या वाजल्या. आता शेवटी मी. पहिल्या वळणापर्यंत मी चाचांवर चिडलेली होते. दुसऱ्या वळणावर चिडायला वेळ उरला नाही. शेवटचं डावं वळण, जिथे आधीच्या वर्षी गाडी झोपली होती, ते मी एक्सलरेटरवरचा पाय न उचलता घेतलं. गाडी रुळावरून जावी तशी गेली. उतरले तेव्हा बाबा खांद्यावरचा दुपट्टा हवेत फिरवत ओरडत होते, "माही पोरगी! माही पोरगी हाय ते!" एका श्वासाच्या फरकानं मी जिंकले होते.

कललेल्या गाडीला हरवलं असतं, तर त्या जिंकण्यात कायमची एक खोट राहिली असती. हे कळायला मला घरी पोचेपर्यंतचा रस्ता लागला. बाबांनी गाडी द्यायचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्याच महिन्यात एक गृहस्थ गॅरेजसमोर उतरले. आवाजावरून मी ओळखलं, फोनवरचे दुकानदार. शर्यतीची हकिगत त्यांच्या कानावर गेली होती; हातात वही होती. चाचांनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि पूर्ण दुपार खर्चून सगळं शिकवलं. फोनवरच्या वाक्याची आठवण त्यांनी शब्दानंही काढली नाही. त्यानंतर नागपूरहून गाड्या दिग्रसला येऊ लागल्या. गावातली माणसं उगाच गॅरेजसमोरून चकरा मारत आणि पाव्हण्यांना सांगत, "नागपूरवाले येतात आमच्या चाचांकडं."

मागच्या हिवाळ्यात चाचांच्या पाठीनं साथ सोडली. त्यांनी गॅरेज भाच्याच्या हाती दिलं आणि ते यवतमाळला मुलीकडे राहायला निघाले. पोचवायचं काम मी मागून घेतलं. निघताना गॅरेजसमोर इतकी माणसं जमली की एसटीला थांबावं लागलं. चाचा प्रत्येकाला हात मिळवत होते आणि प्रत्येकाला त्याच्या गाडीबद्दल काहीतरी सांगत होते.

दारव्हा सोडलं आणि खड्ड्यांचा रस्ता लागला. "बेटी, सारी उमर गाड्यांच्या खाली गेली," चाचा म्हणाले. "वर बसून पाह्यलंच नाही का कसं वाटते."

"मग? कसं वाटते?"

बोरी अरब गाव यायच्या आत त्यांची मान बाजूला झुकली होती आणि त्यांना गाढ झोप लागली होती. गाडी खड्ड्यांवरून जात होती, तरी त्यांची झोप मोडत नव्हती. यवतमाळ येईपर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.