दुसरी कळशी
टोमॅटोच्या पाल्याचा उग्र हिरवा वास हाताला लागला, की महाळुंग्याच्या शेतातली ती दुपार आठवते आणि मी एकटीच हसते. आम्ही दहा-बारा बाया तोडणीला होतो. मी भरलेलं कॅरेट उचलत होते, तेवढ्यात जावेनं मालकाच्या चालण्याची अशी नक्कल केली, की हसता हसता माझी साडीच ओली झाली. वर्षभर हे असंच चाललं होतं, नुसतं शिंकलं तरी लघवी सुटायची. म्हणून मी कामावर पाणीच पीत नव्हते. घाबरून मी बांधावरची कळशी उचलली आणि "लई ऊन हाय बाई," म्हणत अंगावर ओतली. सगळ्या तोडणी थांबवून बघायला लागल्या. मग आमच्यातली सगळ्यात थोरली बाई पुढं आली. "मला फसवतीस व्हय? थोडं माझ्यावर बी वत, मी तर मघाशीच भिजलेय." हशा उसळला आणि आणखी दोघी-तिघी कळशीखाली येऊन उभ्या राहिल्या. ओल्या पदरानं तोंड पुसत थोरली म्हणाली, "माझी तीन बाळंतपणं, रोजची ओझी, त्यात पाळी जायचं वय. दवाखान्यातली बाई म्हणली, लाजायचं न्हाई, पाणी प्यायचं बंद करायचं न्हाई. लघवी धरल्यागत आवळायचं, सोडायचं, रोज." आता त्या व्यायामानं मला बराच आराम आहे. तरी तोडणीला निघताना माझी जाऊ दोन कळश्या भरते. एक प्यायला, दुसरी कशाला, ते मालक अजून विचारतोय.