पोटरी बघायला येणारे सर

माणसाचं तोंड विसरून त्याची जखम ध्यानात ठेवणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच, अन् तो चिक्कडपल्लीत माझ्या डोक्यावर राहायचा, म्हणजे वरच्या मजल्यावर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, एकटेच. सगळे सर म्हणायचे. लग्नात गेले की नवरदेवाच्या हनुवटीवरला वस्तऱ्याचा काप आधी भिंगातून बघायचे, आशीर्वाद नंतर. भाजीवालीचं कापलेलं बोट भरलेलं दिसलं की 'शाब्बास!' म्हणायचे, ती बिचारी खूश होऊन दोन मिरच्या जास्ती टाकायची.

मी सुलतान बाजारात साड्यांच्या घड्या घालणारा, शाळेचा उंबरा न चढलेला. बायको वारलेली, पोरगी सासरी. घरात नवीन केबल घेतली. इतके चॅनल बोलायचे, पण एकानंबी कधी 'जेवलास का' विचारलं नाही. नव्या नव्या मोटारसायकली निघायचे दिवस. दुकानासमोर एक चकाचक उभी दिसली, तिच्या आरशात भांग पाडायला वाकलो अन् तापलेल्या सायलेन्सरला पोटरी चिकटली. भांग तेवढा सरळ पडला.

मग काय, सर रोज संध्याकाळी भिंग घेऊन हजर.

"घडीवाले, हलू नका. कडेच्या पेशी सरकायला लागल्यात. चारी बाजूंनी येतात, मधे एकमेकींना भेटल्या की थांबतात."

"ढकलाढकली नाही?"

"बसमधली माणसं आहेत का ती!"

मी चहा टाकायचो, ते बोलत बसायचे. जखम भरत आली तसा मी परेशान. भरली की हे कशाला येतील? म्हणून अक्कल चालवली अन् खपली उचकटली. डोळ्यांत पाणी आलं, पण सर आले.

भिंग लावून बघितलं, काच सदऱ्याला पुसून परत बघितलं. "एवढ्या राबल्या हो त्या. कायकू उचकटलं?"

"खाजलं, सर."

"हौ. कळलं." चहा मात्र दोनदा घेतला.

तरी एक दिवस भरलीच, गुलाबी, गुळगुळीत. सरांनी भिंग खिशात टाकलं, चपला घातल्या. मी कपबशी धरून उभा. दारातून परत फिरले.

"केस कुठं आलेत अजून? रोज बघावं लागेल."

तीन वर्षं बघितलं. मग पुतण्या त्यांना नागपूरला न्यायला आला. सर ऑटोत बसायच्या आधी मी पायजमा वर करून उभा राहिलो. ते वाकले, नुसत्या डोळ्यांनीच बघितलं.

"खोल भाजलं की केसाचं मूळच जळतं, घडीवाले. तिथं परत केस येत नसतो."

"कधी कळलं, सर?"

"पहिल्याच दिवशी."

ऑटो गेली. मी पायजमा खाली करायचा विसरून रस्त्यात तसाच उभा.