कोरियाचं पत्र घेऊन राणीसावरगावला

राणीसावरगावला जायचं ठरलं ते एका पत्रामुळे. १९५३ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी परभणीत मास्तर होतो, हिवतापातून जेमतेम उठलेला. माझा जुना विद्यार्थी खंडू फौजेत होता आणि त्याची पलटण कोरियाला गेली होती. घरी वाचणारं कोणी नाही, म्हणून त्यानं पत्र माझ्या नावे पाठवलं: ‘गुरुजी, आईला तुम्हीच वाचून दाखवा.’

सकाळच्या गाडीनं गोदावरी ओलांडून गंगाखेडला उतरलो. आज तुम्ही तिथून एसटीनं तासाभरात पोचाल. तेव्हा बैलगाडी मिळाली तीही अर्ध्या वाटेपर्यंत. एका शेतकऱ्याच्या ओसरीवर मुक्काम केला आणि उरलेली वाट दुसऱ्या दिवशी पायी तुडवली. माळ, दगड, ऊन. दर मैलाला बसावं लागत होतं. या वाटेनं चालणार असाल तर पाणी भरपूर घ्या.

खंडूचे वडील मसाजी मेंढरांच्या वाड्यापाशी भेटले. मला पाहून ते उठलेच नाहीत.

“कवा गेला?” त्यांनी विचारलं.

लेक लढाईत मेला अशी आवई बाजारातून गावात आली होती. आई, धोंडाबाई, चार दिवस जेवली नव्हती. मी तिथेच खाली बसून पत्र वाचायला घेतलं.

‘लढाई थांबली आहे. आम्ही लढायला आलो नाही. दोन्हीकडच्या भांडणात नसलेला देश म्हणून आम्हाला बोलावलं आहे. जे कैदी घरी जायला नाही म्हणतात ते आमच्या ताब्यात आहेत. त्यांच्या देशाची माणसं येऊन त्यांना परत चला म्हणून समजावतात. आमच्या हातात बहुतेकदा काठीच असते.’

मसाजींनी ते दोनदा वाचायला लावलं.

“मंग जिंकलं कोन?”

“कुणीच नाही. दोन वर्षं बोलणी चालली, तेव्हा कुठं लढाई थांबली.”

“आन् बोलनी चालू असताना मानसं मरतच व्हती?”

“हो.”

आमचं संस्थान भारतात विलीन झालं त्या साली मसाजींचा थोरला भाऊ रानात गोळी लागून गेला होता. कोणाची, ते कधी कळलं नाही.

“आदीच बोलाया बसले असते तर,” ते म्हणाले. “आमच्याकडंबी कुनी बसलं न्हाई.”

घरी जाऊन धोंडाबाईंना पत्र पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेळीचं दूध माझ्यापुढे ठेवलं, मग स्वतःही एक घास घेतला. खंडूला काय लिहू, मी विचारलं.

“त्या कैद्यांच्या आयांस्नी कळलंय का, लेकरं जित्ती हायत म्हनून? तेवढं इचारा त्याला.”

परभणीला परतल्यावर पुन्हा आठवडाभर तापानं पडलो. अंथरुणातूनच ते वाक्य लिहून पाठवलं. उन्हाळ्याच्या तोंडावर खंडू सुखरूप परतला आणि शाळेत भेटायला आला. आईच्या प्रश्नाचं काय झालं, मी विचारलं.

“मी साहेबांना विचारलं, गुरुजी. ते म्हणाले, कैद्यांच्या नावांची यादी दोन्हीकडं गेलीय. पुढचं त्यांनाबी ठाव न्हाई.”

प्रवास संपून इतकी वर्षं झाली. पायांचा शीण आठवड्यात गेला. त्या यादीतली नावं कुणी घरोघर जाऊन वाचून दाखवली असतील का, हे मात्र अजून मनातून जात नाही.