बहिरूचं नाक

पौडच्या पुढे, माले गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. पण त्या रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या गाडीवाल्याला विचारा, गाडीत पेट्रोलचा वास येतोय, काय करू? तो सांगेल, बहिरूला दाखवा.

बहिरू मालेचाच. ऐन उमेदीत पौडला ट्रकच्या गॅरेजात काम शिकला. भावांनी जमिनी विकून खोल्या बांधल्या आणि ते भाड्यावर निवांत बसले. बहिरूने रस्त्याकडेचा आपला तुकडा तेवढा राखला. "भाडं खाऊन हात गंजत्यात, बाई," तो मला एकदा म्हणाला होता. त्याची ख्याती मात्र हातापेक्षा नाकाची. गाडी शेडकडे वळता वळताच तो सांगायचा, "टाकीकडनं येतंय," नाहीतर, "फुडचं हाय, कार्बुरेटर." आणि ते तसंच निघायचं. लोक खास ते बघायला थांबायचे. मला तर त्याचा हेवा वाटायचा. आम्हाला तेवढी टाळी घ्यायला तीन अंक खपावं लागायचं.

माझा जन्म रंगभूमीवर गेला. कंपनीच्या बसमधून सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत हिंडले, राण्या झाले, विधवा झाले, एकदा तर एकाच रात्री दोन्ही. माझी गाडी ही त्या दिवसांची कमाई. आता आम्ही दोघीही रंग उडालेल्या, पण बोलावलं की निघतो.

दिवाळी होऊन गेली होती. मालेला एका शेतकऱ्याकडून मी दरवर्षी आंबेमोहोर घेते, तो आणायला निघाले होते. पिरंगुटला टाकी गच्च भरून घेतली आणि पौड ओलांडेपर्यंत गाडीत असा दर्प भरला की डोळ्यांना पाणी आलं. काचा खाली करून कशीबशी बहिरूच्या शेडपाशी आले.

तो स्टुलावर बसला होता. मला बघून उठला, पण नेहमीसारखं काही बोलला नाही.

"अरे, सांग की कुठून येतंय," मी म्हटलं. "मी टाळ्या वाजवायला तयार आहे."

"बघतो की. रंभी न्हाई आज. लेक बाळंत झाली, कासारसाईला गेलीय." बायको घरी नसल्याचं तो मला का सांगतोय, ते तेव्हा कळलं नाही.

त्याने गाडीला फेरी मारली. पुढे थांबला, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. तिथेच मला खटकलं. रंगमंचावर फूल हुंगण्याचा अभिनय मी शेकडो वेळा केला आहे. कागदाचं फूल हुंगताना श्वास आत जातो, छाती भरते, पण नाकपुड्या आणि पापण्या जागच्या हलत नाहीत. बहिरू कागदाचं फूल हुंगत होता.

"फुडचं हाय," तो म्हणाला. बॉनेट उघडून कार्बुरेटरचा पाइप घट्ट केला, हात पुसले. "झालं. जावा बिनघोर."

मी आत बसले. वास तसाच होता. मुकाट्याने निघावं तर रस्ताभर जीव मुठीत, आणि बोलावं तर या माणसाच्या इतक्या वर्षांच्या नावाला धक्का. किल्ली काढून मी खाली उतरले.

"बहिरू, तुला वास येतो का रे?"

तो स्टुलावर बसला. बराच वेळ गुडघ्यावरचं ग्रीस अंगठ्याने घासत राहिला.

"दोन सालामागं ताप आला हुता. तवापास्नं न्हाई. पेट्रोल न्हाई, भाकरी न्हाई, काय बी न्हाई."

"आणि लोकांना सांगतोस ते?"

"रंभी सांगती. गाडी आली की च्या घिऊन येती. कप ठेवता ठेवता हळूच म्हणती, मागनं. न्हाईतर, म्होरनं."

"आमच्यात याला प्रॉम्प्टर म्हणतात," मी म्हटलं. "मोठमोठ्या नटांचे संसार त्याच्यावर चालले आहेत."

तो हसला नाही. "पेट्रोलचा वास न येणारा मिस्त्री म्हटल्यावर हितं कोण थांबंल, बाई? आन् आत्ता तुमाला तसंच लावून देत हुतो. घाटात पेटली असती म्हंजी?"

"पेटली नाही ना. ऊठ. आज प्रॉम्प्टर मी. काय करू सांग."

तो उठला. आधी बॅटरीची वायर सोडली. मग सगळे दरवाजे, काचा बंद करायला लावल्या. "जरा वेळ जाऊ द्या. मग येक येक दार उघडून नाक घाला."

मी घातलं. पुढे काही विशेष नाही. मागच्या सीटशी जरा दर्प. डिकी उघडली आणि मी तोंडावर पदर धरून मागे सरले.

"हितं?" बहिरूने विचारलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "रोज येतो का वास? का टाकी भरल्यावर?"

आठवून बघितलं. टाकी अर्धी असताना कधी आला नव्हता. तसं म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. डिकीतलं रेक्झिन त्याने उचललं. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीत उतरणारा एक जाड रबरी पाइप होता. फडक्याने तो कोरडा केला, शेडमागच्या घरातून रंभाबाईची रांगोळी आणली आणि चिमटीने त्यावर भुरभुरली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. पाइपच्या खालच्या अंगाला, क्लिपेजवळ, पांढऱ्यावर हळूहळू एक काळसर ओली रेघ उमटली.

"रबर चिरलंय. टाकी गच्च भरली की पेट्रोल हितवर चढतंय," तो म्हणाला. आवाज आता त्याचा स्वतःचा होता.

थोडं पेट्रोल उपसून त्याने जुना पाइप कापून काढला, मापाचा नवा बसवला, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या. पुन्हा टाकी भरली, पुन्हा रांगोळी भुरभुरली. ती कोरडीच राहिली. मी डिकीत डोकं घालून हुंगलं आणि मान हलवली.

इतक्यात शेडसमोर एक मोटारसायकल थांबली. मालेचा शेखर. उतरायच्या आधीच म्हणाला, "बहिरूदादा, जरा नाक लावा हिला. वास मारतीया."

बहिरूने माझ्याकडे बघितलं. मी नजर रस्त्याकडे वळवली. अशा वेळी शेजारच्या नटाने मध्ये पडायचं नसतं.

"माझं नाक गेलंय, शेखर," बहिरू म्हणाला. "दोन सालं झाली. मला काय बी येत न्हाई."

शेखरने गाडी बंद केली.

"मग मागल्या म्हयन्यात सांगितलं ते?"

"ते वैनीनं तुज्या."

"आसं," शेखर म्हणाला. गाडी स्टँडवर लावली. "तरीच मी म्हणतोय, वैनी मला इचारल्याबिगर च्या कशी देतीया. मग आता कसं करायचं? मी घोटवड्याच्या गॅरेजात जाऊ का?"

"जायचं तर जा."

"तितं लई गर्दी आसती." शेखर गुडघ्यावर बसला आणि टाकीखाली तोंड घालून मोठ्यांदा हुंगू लागला.

"हळू," बहिरू त्याच्याशेजारी उकिडवा बसत म्हणाला. "म्हशीगत न्हाई. आदी टाकीखालचा कॉक. आता सांग, काय येतंय?"