सोयरिकीतला बिनसाखरेचा चहा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी चौसाळ्याचे माझे थोरले चुलते सांगेन. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. बारावीनंतर मला शेतात न घालता बीडच्या कॉलेजात घालावं म्हणून ते माझ्या वडिलांशी कडाकडा भांडले. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्या भांडणामुळं.

सोयरिकी जमवणं हा नानांचा बिनपगारी धंदा. आमच्याकडं मुलगी बघायला आलेल्यांनी चहाला हात लावला नाही, तर स्थळ नापसंत समजायचं. म्हणून मध्यस्थानं कप रिकामा करायलाच पाहिजे. आणि पाहुण्यांचा चहा म्हणजे निव्वळ साखरेचा पाक. नानांना बरीच वर्षं शुगर आहे. घरात पथ्य कडक, पण लग्नसराईत घर तिथं चहा. काकू ओरडली की म्हणायचे, "गोळी घेतलीय की, ती बघून घेईल."

मागच्या वर्षी त्यांना नवी चप्पल लागली. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, त्यांना कळलीसुद्धा नाही. काकूला अंथरुणावर डाग दिसला तेव्हा उलगडा झाला. मी त्यांना बीडला दवाखान्यात नेलं. साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

परतताना गाडीत काकूनं तोड काढली. "काशीला गेलतो तवा चहा सोडला म्हणून सांगा. कुणी आग्रह करणार न्हाई." काशीला जाणारा माणूस एखादा पदार्थ जन्मभरासाठी सोडून येतो, त्याला पुन्हा कुणी तो खा म्हणत नाही.

"मी कारलं सोडलंय," नाना म्हणाले. "समद्या गावाला म्हाईत हाय."

"आवडीची वस्तू सोडायची असती. ह्यांनी कारलं सोडलं!"

मला हसू आवरेना.

"हसतो काय बे, अंगठा माझा चाललाय."

"मग खरं सांगा की, शुगर हाय म्हणून," काकू म्हणाली.

"सोयरिकीत रोगाचं नाव काढतेत का कुणी? लोक म्हणतील, ह्यांच्या खानदानातच रोग हाय."

पुढच्याच आठवड्यात उमापूरला एका भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो. पट्टी बांधलेला पाय नानांनी धोतराखाली लपवला होता. चहा आला. सगळ्यांनी कप उचलले, नानांचा तसाच राहिला. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला.

"कावून, नाना? आमचं काई चुकलं का?"

नाना कपाकडं बघत राहिले. मग त्यांनी धोतर बाजूला करून पाय पुढं केला.

"न्हाई हो. पोरगी लई चांगली हाय. मला शुगर हाय, अंगठा कापायची पाळी आलीय. बिनसाखरेचा द्या, दोन कप पितो."

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले मुलीचे आजोबा आत बघून म्हणाले, "मला बी त्यातलाच टाक गं."

"अगं बाई, तुमाला कवा झाली?" आतून आजी.

"दोन वरसं झाली. तू गोडाचं बंद करशील म्हणून बोललो न्हाई."

हसण्यात सोयरीक जमून गेली. त्यानंतर नाना कुठंही गेले की बसायच्या आधीच बिनसाखरेचा चहा सांगू लागले. पट्ट्या मात्र बरेच महिने चालल्या. अखेर जखम भरली आणि काकूनं मला तसा फोन केला.

नानांना फोन केला की ते स्पीकर लावतात आणि सगळी गल्ली उत्तरं देते. म्हणून मी पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप नानांस साष्टांग नमस्कार.

अंगठा राहिला हे काकूनं रडत रडत सांगितलं. मीही ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. उमापूरला तुम्ही चारचौघांत बोललात, त्याचा मला फार अभिमान वाटला.

आता एक विनंती. डॉक्टरांनी रोज तळपाय बघायला सांगितलंय आणि काकूनं पाय हातात घेतला की तुम्ही लाजून ओढून घेता, अशी तिची तक्रार आहे. तुम्हाला वाकून दिसत नाही, लागलेलं कळत नाही. तिला दिसतं. तेवढं तिला बघू द्या.

आपला पुतण्या."