काढा ही गाडी

झिजलेली चेन बोटावर लोंबकळत ठेवून मेकॅनिक म्हणाला, "काका, आता काढा ही गाडी." म्हणजे विका. माझी मोटारसायकल बावीस वर्षांची, गुडघे त्याहून जुने. मी पिशवीतून नवी चेन काढली, सामानाच्या पेट्या अडकवायचं स्टँडही काढलं.

ही शोरूममधून आणली तेव्हा शेजारी म्हणाले होते, "गाडी काढली वाटतं." फिरायला निघायचं झालं की बायको अजून म्हणते, "काढा गाडी." घेणं, निघणं, विकणं, आपल्याला एकच शब्द पुरतो. कुठला अर्थ ऐकायचा, हे मात्र मी ठरवतो.

स्टँड उलटसुलट करून पाहत मेकॅनिकने विचारलं, "मग काढायची नाही?"

"काढायचीय ना. रविवारी, आंबोलीला."